सात संघांचे सुधाकरराव

सुधाकरराव निकाळजे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती चिकलठाण्यातल्या एका कारखान्याच्या बास्केटबॉल मैदानावर, सकाळी सहाच्या सरावाला. मी वीस वर्षांचा, कॉलेजच्या संघातून नुकताच उचललेला. ते बत्तीस वर्षांचे, तीन परक्या शहरांत खेळून आपल्या जिल्ह्यात पहिल्यांदाच परतलेले. चेंडू पुढे नेणारा आणि बाकीच्या चौघांना खेळवणारा जो खेळाडू असतो, त्याला आम्ही पॉइंट गार्ड म्हणतो. आम्ही दोघेही त्याच जागेचे. वर्षअखेरीस दोघांपैकी एकाचाच करार पुढे चालू राहील, हे व्यवस्थापकांनी पहिल्याच दिवशी आमच्या तोंडावर सांगितले होते.

आठवडाभर मी त्यांची नजर टाळत राहिलो. एके दिवशी सराव संपल्यावर तेच माझ्याकडे आले.

“तू डाव्या हातानं चेंडू नेतच नाहीस. का रं?”

“जमत नाही, सर.”

“जमत नाय, का कुणी शिकवलंच नाय?”

दुसऱ्या दिवसापासून सरावानंतर रोज अर्धा तास ते माझा उजवा हात रुमालाने चड्डीच्या नाड्याला बांधत आणि माझ्यासमोर आडवे उभे राहत. चेंडू फक्त डाव्या हाताने त्यांच्या बाजूने काढायचा. पहिले पंधरा दिवस मला एकदाही जमले नाही. बास्केटखाली खेळणारे आमचे उंच सेंटर सलीमभाई एकदा न राहवून म्हणाले, “निकाळजे, क्या कर रहे भाई? तुम्हारीच जगा उसको सिखा रहे!”

सुधाकरराव हसले. “सलीमभाई, उद्या माझा पाय मुरगळला तर चेंडू कोण नेणार, तुम्ही?”

वर्षअखेरीस करार माझा झाला. त्या दुपारी मी त्यांच्या भाड्याच्या घरी गेलो तेव्हा पेढे न्यावेत की नाही हेही मला कळेना. मी रिकाम्या हाताने गेलो. सुधाकरराव पत्र्याच्या पेटीत सामान भरत होते आणि विमलवहिनी ताट वाढत होत्या. मी मान खाली घालून बसलो. ताटातला भात नुसता चिवडत राहिलो. तेव्हा ते म्हणाले, “अनिल, तू माझं काही चोरलंस का? नाय ना? मग मान वर करून जेव. वहिनीनं वांगं केलंय, ते तरी वाया घालवू नको.”

दोनच दिवसांनी ते दोघे इंदूरला निघून गेले. तो त्यांचा पाचवा संघ.

सुधाकरराव कन्नड तालुक्यातले. वडील वामनबाबा साखर कारखान्यात फिटर. गावच्या शाळेतल्या शिक्षकांनी भिंतीला एक लोखंडी कडे ठोकले होते, त्यातून चेंडू टाकायला सुधाकरराव शिकले. शहरातल्या पहिल्या निवड चाचणीत त्यांची उंची मोजली गेली आणि चेंडू हातात मिळण्याआधीच त्यांना परत पाठवले गेले. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा गेले. त्या वेळी रांगेत उभे राहण्याआधी त्यांनी बाजूला पडलेला चेंडू उचलला आणि निवड करणाऱ्यांच्या टेबलाभोवती, मान वर करून, चेंडूकडे एकदाही न बघता, तो आपटत दोन फेऱ्या मारल्या. उंची मोजायची सगळे विसरले.

पुढे कोल्हापूर, हैदराबाद, भिलाई, मग आपले शहर, इंदूर, चेन्नई आणि लुधियाना. कुठे कारखान्याचा संघ, कुठे बँकेचा, कुठे क्लबचा. बहुतेक ठिकाणी करार एका हंगामाचा. त्यांचे नाव वर्तमानपत्राच्या मथळ्यात क्वचितच आले. पहिल्या पाचांतला कुणी दमला, दुखावला किंवा गोंधळला की प्रशिक्षक बाकाकडे बघत आणि सुधाकरराव उठत. नव्या गावी गेल्यावर ते आधी सगळ्यांची नावे पाठ करत. त्यांत मैदान पुसणाऱ्या मावशीही आल्या आणि दाराशी बसणारे चौकीदारही. चेन्नईत भाषा येईना, तर त्यांनी आठवड्याभरात तमिळमधले तीस शब्द शिकून घेतले. सगळे खेळापुरते. विमलवहिनी अजून सांगतात, “घरात मीठ संपलं तर ह्यांना मागता येत नव्हतं, पण ‘मागं बघ’, ‘थांब’, ‘आता मार’ हे सगळं तमिळमधनं यायचं.”

माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा सामना मी हरलो. या गौरवग्रंथात मला मुख्यतः त्याच सामन्याबद्दल लिहायचे आहे.

सुधाकरराव तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते आणि लुधियानाच्या एका क्लबकडून खेळत होते. त्या वर्षीची मोठी स्पर्धा आपल्या शहरात भरली. अंतिम सामन्यात एका बाजूला आमचा कारखाना, मी त्याचा कर्णधार. दुसऱ्या बाजूला त्यांचा क्लब. सामना दुपारी चारला होता. सकाळी दहाच्या सुमारास ते आमच्या सरावाच्या मैदानाच्या दाराशी आले. आत न येता त्यांनी मला हाक मारून बाहेर बोलावले.

“अनिल, तुम्ही अजून त्याच खुणा वापरायलात?”

कोणती चाल खेळायची हे आम्ही बोटांच्या खुणांनी एकमेकांना सांगत असू. त्यातल्या निम्म्याअधिक खुणा त्यांनीच आमच्याकडे असताना बसवलेल्या होत्या.

“त्याच आहेत, सर.”

“मग बदला. मला त्या पाठ आहेत. मी आमच्या पोरांना एक शब्द सांगितलेला नाय, सांगणारबी नाय. पण समोर तू बोट वर केलंस की मला दिसणारच. न दिसल्यासारखं मला करता यायचं नाय.”

एवढे बोलून ते गेले. मी आत येऊन प्रशिक्षकांना सांगितले. ते खवळले. “अंतिम सामन्याच्या सकाळी खुणा बदलायच्या? सगळा संघ गोंधळून जाईल. त्याला हेच पाहिजे!”

प्रशिक्षकांचे म्हणणे चुकीचे नव्हते. दुसऱ्या कुणी सांगितले असते तर मीही तसेच म्हटले असते. पण मी त्यांच्या ताटावर जेवलेला माणूस. मी म्हणालो, “सर, निकाळजेसर आपल्याला हरवायला आलेत, फसवायला नाही. गोंधळ झाला तर जबाबदारी माझी.” शेवटी प्रशिक्षकांनी होकारार्थी मान हलवली. आम्ही तीन तास जेवण सोडून नव्या खुणा घोटल्या.

दुपारी मैदान खच्चून भरले. कन्नडहून दोन जीप भरून माणसे आली होती, आणि सर्वांत पुढे पांढऱ्या टोपीत वामनबाबा. वास्तविक यजमान संघ आमचा. पण सुधाकरराव बाकावरून उठून मैदानात आले तेव्हा जी आरोळी उठली, तशी आमच्या वाट्याला कधी आली नव्हती. निवेदकाने सांगितले, “निकाळजे, लुधियाना.” वामनबाबा उभे राहून ओरडले, “लुधियाना कशाचं! कन्नड म्हणा, कन्नड!” मग सगळे मैदानच ‘कन्नड, कन्नड’ म्हणू लागले.

आमच्या नव्या खुणा एकदाच चुकल्या. बाकी आम्ही आयुष्यातला सर्वांत चांगला खेळ खेळलो, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. शेवटचे काही सेकंद उरले असताना गुण बरोबरीत होते आणि चेंडू सुधाकररावांच्या हातात. समोर मी. ते उजवीकडे झुकले. ते डावीकडे वळणार हे मला ठाऊक होते, कारण ते वळण मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. मी डावी बाजू बंद केली. ते वळलेच नाहीत. जागच्या जागी थबकले, आणि त्यांना अडवायला पसरलेल्या माझ्या हाताखालून त्यांनी चेंडू सोडला. मागे बास्केटखाली त्यांचा एक उंच सहकारी मोकळा उभा होता. त्याने चेंडू झेलून बास्केटमध्ये टाकला आणि सामना संपल्याची शिट्टी वाजली.

मी तसाच उभा राहिलो. सुधाकरराव आनंदाने नाचणाऱ्या आपल्या पोरांना सोडून आधी माझ्याकडे आले. त्यांना धाप लागली होती. त्यांनी माझे डोके आपल्या खांद्यावर दाबून धरले. मला वाईट वाटत होते आणि अभिमानही वाटत होता. कुठला भाव खरा, ते मला आजही ठरवता येत नाही.

क्लबच्या कर्णधाराने चषक स्वतः न घेता सुधाकररावांना पुढे केले. इतक्या वर्षांत आपल्या माणसांसमोर त्यांनी उचललेला हा पहिला चषक. तो घेऊन ते थेट वडिलांकडे गेले. वामनबाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, फिटरच्या नजरेने तळाचा जोड तपासला आणि विचारले, “हे घरी कुठं ठेवायचं?”

“घरी नाय बाबा, लुधियानाला जाणार.”

“मग पोचा पडू देऊ नको,” ते म्हणाले, आणि डोळे पुसायला त्यांनी टोपी काढली.

खेळणे थांबल्यावर सुधाकरराव फुलंब्रीला स्थायिक झाले आणि तिथे त्यांनी मुलींचा संघ उभा केला. पहिल्या वर्षी पाचच मुली आल्या. त्यांपैकी कोमलचे वडील, शेतकरी गृहस्थ, मैदानावर येऊन तिला परत नेऊ लागले. “लई उड्या मारून पोरीला मिळणार काय?” त्यांनी विचारले.

“मला सात गावं मिळाली,” सुधाकरराव म्हणाले. “तुम्ही असं करा भाऊ, पोरीला नेऊ नका, तुम्हीच रोज इथं येऊन बसा. नाय पटलं तर महिन्यानं दोघं जा.”

ते येऊन बसले. महिन्याभरात त्यांना नियम कळले. आज फुलंब्रीच्या प्रत्येक सामन्याची गुणपत्रिका तेच लिहितात आणि पंच चुकला तर सर्वांत आधी तेच उठतात. कोमल गेल्या वर्षी राज्याच्या संघात गेली. निवडीची बातमी आली त्या दिवशी सुधाकररावांनी तिला एकच गोष्ट सांगितली: “तिथं गेलीस की पहिल्या दिवशी सगळ्यांची नावं पाठ कर.”

माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन खेळ सुटला, तेव्हा मी घराबाहेर पडणे बंद केले होते. त्या महिन्यात ते फुलंब्रीहून दिवसाआड एसटीने येत. धीराचे शब्द त्यांनी कधी काढले नाहीत. माझ्यासोबत गल्लीच्या टोकापर्यंत चालत, चहा घेत आणि परत जात. टोक दर खेपेला थोडे पुढे सरकत गेले. एके दिवशी आम्ही चालत चालत बसस्थानकावर पोहोचलो, तेव्हा ते म्हणाले, “आता आलाच आहेस तर चढ गाडीत. पोरी वाट बघायल्यात.” त्या दिवसापासून मी त्यांच्यासोबत प्रशिक्षक आहे.

सुधाकरराव आज साठ वर्षांचे झाले. दर रविवारी सकाळी आम्ही जुने खेळाडू अजून अर्धा तास खेळतो. सलीमभाई पळत नाहीत, फक्त ओरडतात. माझा गुडघा कुरकुरतो. सुधाकररावांचा संघ मात्र आजही जिंकतो. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे, पाय असेच हलके राहावेत, विमलवहिनींची साथ आणि फुलंब्रीच्या मुलींचा गलका सदैव भोवती असावा, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. तीत माझा थोडा स्वार्थही आहे. मला त्यांना एकदा तरी हरवायचे आहे, आणि माझा खेळ पाहता त्यासाठी त्यांना शंभर वर्षे तरी खेळत राहावे लागेल.