गडद रंगाचे टॉवेल

पॅलिएटिव्हच्या कामातल्या नर्सेस पहिल्यांदा भेटल्या की नावाच्याही आधी एकमेकींना विचारतात, "तू आधी कुठे होतीस?" बरं न होणाऱ्या आजारात माणसाचा त्रास कमी करायचा, तोही त्याच्या घरी जाऊन, हे काम पहिली नोकरी म्हणून सहसा कुणी घेत नाही. कुणी जळीत वॉर्डातून आलेली असते, कुणी डायलिसिसमधून. मी लेबर रूममधून आले.

नागपुरात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलने घरभेटींचं पथक सुरू केलं तेव्हा मुलाखतीत मोठ्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "इतकी वर्षं बाळंतपणं केली. इकडे काय करणार तुम्ही?"

"वाट पाहता येते मला," मी म्हटलं.

उत्तर त्यांना आवडलं आणि त्यांनी मला पथकाची इंचार्ज केलं. खरं कारण साधं होतं. सरकारी दवाखान्यातल्या रात्रपाळ्यांनी माझी कंबर गेली होती आणि घरभेटी दिवसाच्या असतात.

पथकातली दुसरी सिस्टर आयसीयूतून आलेली. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, हाताला विलक्षण चपळ. कोणत्याही घरात शिरली की तिची नजर आधी पेशंटच्या उशामागच्या भिंतीवर जायची. तिथे मॉनिटर असायला हवा होता. तिथे कॅलेंडर नाहीतर देवाचा फोटो दिसला की ती क्षणभर अडखळायची, मग खाली पेशंटकडे पाहायची. मी तिला कधी टोकलं नाही. माझीही खोड होतीच. मी आधी घरातल्या बाईकडे पाहायची.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे बुटीबोरीचा एक पेशंट होता. कापडाच्या कारखान्यात मशीनवर काम करणारा, चाळिशीतला माणूस. घराणं उमरेडचं, विणकरांचं. आजोबांपर्यंत घरात हातमाग होता, मग याच्या वाट्याला कारखाना आला. पाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखू-सुपारीचा खर्रा खायची सवय लागली, आणि गालातून सुरू झालेला कॅन्सर मानेत उतरला. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, आणि गाठ पुन्हा आली. आता मानेच्या डाव्या बाजूला तळहाताएवढी उघडी जखम होती. ती धुणं, तिचा वास कमी करणं आणि दुखणं आटोक्यात ठेवणं यासाठी आम्ही आठवड्यातून दोनदा जायचो. एमआयडीसीमागच्या चाळवजा वस्तीत त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. आजूबाजूला बिहार-ओरिसातून आलेली कामगार पोरं राहत. खिडकीत कूलर चालू असे आणि त्याच्या आवाजात त्या माणसाचं बोलणं ऐकूच येत नसे. जीभ आखडलेली होती. बायको ऐकून आम्हाला सांगायची.

एका सकाळी त्याची बायको उशीचा अभ्रा दोरीवर वाळत घालत होती. धुतलेला होता तरी मधे तपकिरी डाग राहिला होता, रुपयाच्या नाण्याएवढा.

"हे कशाचं, वहिनी?" मी विचारलं.

"काल जखमेतून जरासं रक्त आलं, मॅडम. लगेच थांबलं. पट्टी घासली असन."

"दुखलं का त्यांना तेव्हा?"

"नाई. त्यायले तं समजलंच नाई."

लेबर रूममध्ये आम्हाला एक गोष्ट शिकवलेली असते. नवव्या महिन्यातली बाई येते आणि सांगते, थोडं रक्त गेलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं. तिला घरी पाठवायचं नसतं. थोडं रक्त आधी येऊन सांगून जातं की मागून मोठं येणार आहे. मानेच्या जखमेतही असंच असतं. खाली मोठी रक्तवाहिनी आहे, गाठ तिला आतून खात असते. एक दिवस ती फुटते. कधी, ते कुणी सांगू शकत नाही. काही वेळा ती फुटायच्या आधीच माणूस दुसऱ्या कारणाने जातो.

आम्ही पट्टी बदलली. माझ्याबरोबरच्या सिस्टरनेही ओळखलं होतं. बाहेर गाडीशी येताच ती म्हणाली, "मॅडम, याला आज ॲडमिट करू."

"कशासाठी?"

"निदान तिथे सगळं हाताशी असतं."

"सर्जनने मागच्याच महिन्यात सांगितलंय ना, आता हात घालता येत नाही. हाताशी असून काय करणार?"

ड्रायव्हरने गाडी सुरू केली तरी ती चढली नाही. "मग आपण काय करायचं? वाट पाहायची? हे मला जमत नाही, मॅडम. खरंच सांगते. आयसीयूत असं नुसतं बसलेली मी कधी नव्हते."

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी झोपेच्या इंजेक्शनची ऑर्डर दिली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ठरलेला वार नसताना पुन्हा गेलो, घरच्यांना सांगायला.

त्या दिवशी पेशंटचा मोठा भाऊ उमरेडहून आलेला होता. मी त्याला आणि बायकोला पलीकडच्या खोलीत बसवून सावकाश सांगितलं. रक्त एकदम येऊ शकतं. पुष्कळ येईल. काही मिनिटांत शुद्ध जाईल. गाडीत घालून नागपूरला न्यायला तेवढा वेळ मिळणार नाही. त्यांना कुशीवर करायचं, जखमेवर टॉवेल दाबून धरायचा आणि जवळ बसायचं. टॉवेल गडद रंगाचे घ्या. मरून, नाहीतर काळपट. पांढऱ्यावर रक्त फार दिसतं. पेशंट पाहतो आणि घाबरतो.

भाऊ उठून उभा राहिला. "तुमी आल्या का कायी ना कायी वाईटच सांगता. तो आत जेवून राहिला, बसून राहिला, अन् तुमी हे बोलून राहिल्या! असं अशुभ काहून बोलता?"

"दादा, आधी माहीत नसलं तर त्या वेळी फार हाल होतात."

"मले ऐकाचंच नाई," म्हणत तो बाहेर निघून गेला.

बायको मात्र बसून राहिली. तिने विचारलं, "किती टॉवेल घेऊ?"

"चार-पाच असू द्या."

"त्यायले सांगाचं का?"

"ते विचारतील तर मी सांगेन. खोटं नाही बोलणार."

त्याने विचारलंच. दोन खोल्यांच्या घरात किती लपणार? मी आत गेले तशी त्याने हाताने कूलर बंद करायला सांगितलं. त्या गरमीत घर एकदम शांत झालं. त्याने एकच शब्द उच्चारला, आणि तो बायकोने न सांगताही मला कळला. "दुखीन?"

"दुखणार नाही. भीती वाटेल. पण ती फार वेळ राहणार नाही. आणि मी इंजेक्शन भरून ठेवते, कसं द्यायचं ते वहिनींना शिकवते. त्याने झोप येईल."

त्याने डोळे मिटून घेतले. मग बायकोकडे वळून काहीतरी बोलला. ती मला म्हणाली, "पोरीले उमरेडले पाठव म्हणते. आजच."

मुलगी बारा वर्षांची. शाळेला सुट्ट्या लागलेल्या होत्या. संध्याकाळी मोठा भाऊ तिला घेऊन गेला. तिला वाटलं आंब्यांसाठी चाललोय.

पुढच्या भेटीत टॉवेल आलेले होते. बाजारातून आणले होते, मरून रंगाचे. एका टॉवेलचं टोक ओलं करून बायको पांढऱ्या फडक्यावर घासून पाहत होती.

"रंग सुटते का पायते," ती म्हणाली. विणकराच्या घरची सून ती. मग मधेच थांबली आणि सगळे टॉवेल घडी करून खाटेच्या पायथ्याशी ठेवले. त्यानंतर त्या घरात शिरलं की माझी पहिली नजर त्या घड्यांवर जायची. हलल्या आहेत का? फोन वाजला की आधी नंबर पाहायची. लेबर रूममध्येही मी रक्ताची वाट पाहिली होती. पण तिथे दिवस भरले की संपायचं, चांगलं होवो नाहीतर वाईट. इथे तो माणूस रोज दूधभात गिळत होता, कपाळाला तेल लावून घेत होता, आणि आम्ही सगळे त्याच्या मानेकडे पाहत होतो.

मधे भाऊ परत आला. आमच्याशी बोलेना, पण उमरेडला गेलाही नाही. दारातच बसून राहायचा.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी मी धंतोलीत मीटिंगला अडकले होते आणि आयसीयूवाली सिस्टर एकटीच बुटीबोरीला गेली होती. दुपारची वेळ. बायको कोपऱ्यावरच्या नळावर गेलेली. सिस्टर पट्टी सोडत असतानाच फुटलं.

मला हे तिने नंतर सांगितलं. पहिल्या क्षणी तिचा हात सवयीने उशामागच्या भिंतीकडे गेला, बेलचं बटण शोधत. तिथे नुसती भिंत. मग तिने टॉवेल ओढला, दाबला, त्याला कुशीवर घेतलं, दुसऱ्या हाताने भरून ठेवलेलं इंजेक्शन दिलं. दारातला भाऊ ओरडला, "गाडी! गाडी आना!" ती म्हणाली, "दादा, गाडी नको. इकडे या. यांचा हात धरा." तो आला, आणि त्याने हात धरला. बायको बादली टाकून धावत आली तेव्हा नवरा अजून जिवंत होता. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

सिस्टरचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मॅडम, झालं."

मी पोचले तेव्हा टॉवेल एका बादलीत भिजत होते आणि सिस्टर दाराबाहेरच्या ओट्यावर बसली होती. तिच्या गणवेशाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. शेजारच्या कामगार पोरांनी तिला पाणी आणून दिलं होतं. तो पेला तसाच भरलेला होता.

"ते माझ्याकडे बघत होते," ती म्हणाली. "शेवटपर्यंत. आयसीयूत कुणी बघत नाही हो. सगळे झोपवलेले असतात."

मी तिच्या बाजूला बसले. आत बायको रडत होती, आणि मधेमधे थांबून कुणाला तरी सांगत होती, पोरीले आता आना.

निघताना भाऊ माझ्यामागे गाडीपर्यंत आला. "मॅडम, गाडीत टाकला असता तं वाचला असता का?"

"नाही, दादा."

"नक्की?"

"नक्की."

सिस्टरने त्या महिन्यात बदली मागितली आणि आयसीयूत परत गेली. मी अडवलं नाही. वर्षभराने ती स्वतःहून पथकात परत आली. तिथे पेशंटच्या नातेवाइकांना आत बोलावून पेशंटचा हात धरायला सांगते म्हणून तिचे डॉक्टरांशी खटके उडू लागले होते. आता नागपुरातल्या सदरपासून कामठीपर्यंतच्या घरभेटी तिच्याकडे आहेत, तिचं स्वतःचं पथक आहे. नवीन मुलींना ती घरात शिरण्याआधी विचारते, "आधी कुठे होतीस?" आणि त्यांचं उत्तर पूर्ण ऐकून घेते.

त्या माणसाची बायको बुटीबोरीतच एका कारखान्याच्या मेसमध्ये पोळ्या करते. मुलगी तिच्याजवळ आहे. मी एकदा गेले तेव्हा तिने चहा दिला. टॉवेलांचा विषय ना तिने काढला ना मी.

भावाचा फोन मात्र अजून येतो, दोन-तीन महिन्यांतून एकदा. आधी ऊन, पाऊस, सोयाबीनचा भाव असं बोलतो. मग काय येणार ते मला ठाऊक असतं.

"मॅडम, गाडीत टाकला असता तं?"

मी दर वेळी नाही म्हणते. तो "बरं" म्हणतो आणि फोन ठेवतो.