बाहेर पडा

नवं ॲप बाजारात आणण्याआधी आमच्या ऑफिसात ते चारचौघांना वापरायला देतात, आणि मी शेजारी गप्प बसून त्यांची बोटं बघते. काल एक मावशी आल्या होत्या. दवाखान्यात नंबर लावायचं ॲप होतं. त्यांनी डॉक्टर निवडला, वेळ घेतली, कुठे अडल्या नाहीत. शेवटी पडद्यावर लाल बटण आलं, 'बाहेर पडा'. मावशींचं बोट तिथवर गेलं आणि थबकलं. त्यांनी फोन अलगद टेबलावर पालथा ठेवला.

"दाबा ना मावशी," मागे उभे असलेले आमचे साहेब म्हणाले.

"कशाला? मी काय भांडायला आले होते? असं कुणी घालवून देतं का माणसाला?"

साहेब हसले. मला हसू आलं नाही. आपल्याकडे उंबरा ओलांडताना माणूस 'येतो' म्हणतो. चुकून 'जातो' म्हटलं तर घरातलं कुणीतरी दटावतं. आणि आम्ही परक्या भाषेतल्या 'लॉग आउट'चं शब्दशः भाषांतर करून दिवसभर लोकांना हाकलतोय. वर ते अडले की म्हणतो, यांना शिकवायला हवं. त्यांनी का शिकावं? शिकायचं तर आम्ही.

दारात वळून मावशी मला म्हणाल्या, "येते हं."

त्या गेल्यावर साहेबांनी नोंद सांगितली, "बटण सापडलं नाही."

मी लिहिलं, बटण सापडलं, पटलं नाही. साहेब खोडायला सांगतायत. मी खोडणार नाही.