मी आता बसते

पोलिसाच्या नोकरीत भल्याभल्यांचे आवाज ऐकले, पण एका बाईचे तीन शब्द अजून कानातून जात नाहीत.

नवी मुंबईत महापालिकेच्या निवडणुकीची धामधूम होती. आमच्या हद्दीतला एक वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि सारसोळ्याची एक कोळीण उभी राहिली. नेरूळच्या बाजारात मासे विकायची. प्रचार संपायला दोन दिवस उरले असताना ती पोलीस ठाण्यात आली आणि ठाणे अंमलदाराला न विचारता थेट माझ्या टेबलासमोर.

"साहेब, मी बसले का?"

मी खुर्ची दाखवली. "बसा की."

बाई भडकली. "तसं नाय! इलेक्शनला बसले का? गाव इचारतोय, किती घेतलेस म्हनून."

निवडणुकीच्या बोलीत उमेदवार बसला म्हणजे त्याने माघार घेतली, बहुतेक वेळा काहीतरी घेऊन. आदल्या संध्याकाळी स्थानिक केबलवर सिनेमा संपल्यावर तिचा हात जोडलेला फोटो आला आणि मागून तिचा आवाज आला, "मी आता बसते. राम राम." तिच्या सख्ख्या नणंदेचाही त्यावर विश्वास बसला होता.

"नवरा गेला तवा पन मान खाली नाय घातली, साहेब. आता पोरीबाली तोंड फिरवतान." मला तिची फार दया आली, आणि रागही आला.

फिर्याद घेतली, केबलवाल्याला बोलावलं. तरतरीत गडी. म्हणाला, "कोणीतरी कॅसेट टाकून गेलं साहेब, आपण लावली. उगाच टेन्शन कशाला घेता?" पंचांसमक्ष कॅसेट ताब्यात घेतली आणि ठाण्यातच लावली. पुन्हा पुन्हा ऐकली. आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, मागे ठकठक कसली?"

"माजा कोयता," बाई म्हणाली. "मासली कापतेय मी."

मग मीही नीट कान दिला. तीन शब्दांत ती ठकठक दोनदा मध्येच तुटत होती. माघार जाहीर करायला कोण मासे कापत बसेल? मी विचारलं, "बाजारात तुमचं शूटिंग कोणी केलं?"

तिने केबलवाल्याकडे बोट केलं. "ह्यानंच. फुकट प्रचार करतो बोलला."

गडी घामाघूम झाला. मी आवाज चढवला नाही, फक्त त्याच्या दुकानाची झडती घेऊ म्हटलं. तिथे मूळ कॅसेट मिळाली. बाई कोयता चालवत कॅमेऱ्याकडे बघून सांगत होती, "मी रोज हितं बसते. आता तुमच्यासाटी उभी हाय. राम राम." पठ्ठ्याने 'रोज हितं' कापून पुढचा 'आता' उचलून मागे 'बसते'ला चिकटवला होता. समोरच्या पार्टीच्या एका माणसाने त्याला अख्ख्या वॉर्डात वायर टाकू देण्याचा शब्द दिला होता. दोघांवरही गुन्हा दाखल केला.

"कसं केलंस ते दाखव," मी म्हणालो. त्याने माइक माझ्यापुढे धरला. मी दरडावलं, "मी तुला सोडणार नाही." दोन मशीन जोडून त्याने बटणं दाबली, आणि स्पीकरमधून माझाच आवाज आला, "मी तुला सोडणार." तीच जरब, तोच खाकरा. हवालदार माझ्या तोंडाकडे बघायला लागले. कबुलीजबाबावर उभं असलेलं आमचं खातं, आणि हा माणूस दुकानात बसून कोणाच्याही तोंडी काहीही घालू शकत होता.

निवडणूक अधिकाऱ्यांची परवानगी काढून मूळ कॅसेट केबलवर दाखवली. वाटलं, मिटलं. पण गावात लोक म्हणू लागले, "कालची खोटी, तर आजची कशावरून खरी?"

उत्तर बाईनेच काढलं. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी ती घरोघर फिरली. मी बंदोबस्ताला गल्लीत होतो. दारातून हाक यायची, "ये गो, बस, च्या पी." ती उंबऱ्यात थांबायची, कप हातात घ्यायची. "च्या पिते. पन बसनार नाय. मी उभी हाय." आधी बायका एकमेकींकडे बघायच्या, मग हसू फुटायचं. नणंदेच्या दारातही ती तशीच उभी राहिली. नणंद रडली. दुपार कलली तरी बाईने कुठे टेकलं म्हणून नाही, पाय सुजले होते. यंत्राने केलेली करामत पाहून मी थक्क झालो होतोच, पण ही बाई पाहून जास्त झालो.

आता नातू मोबाइलवर कोणाकोणाची भाषणं ऐकवतो. मी त्याला एवढंच विचारतो, ह्याच्या मागचं-पुढचं कुठे आहे? या प्रकरणाने मला तेवढं शिकवलं.

मतमोजणीच्या दिवशी मी केंद्राच्या दारावर बंदोबस्ताला होतो. बाई निवडून आली. गुलालाने माखलेली, नीट उभंही राहवत नव्हतं. मी खुर्ची पुढे केली, पण बसा म्हणायला जीभ रेटेना.

तिने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसली.

"मी आता बसते," म्हणाली.