आउटरवर ओढलेली साखळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. देवालासुद्धा नाही — देवापुढे बसले की मी मुद्दाम दुसरंच काहीतरी आठवत बसते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि माझ्याकडे पोहे खायला येणार नाही. अरुण येतो. परवाच येऊन गेला.

अरुण म्हणजे आमच्या रेल्वे कॉलनीतला, भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. माझ्या दिलीपदादाचा जिवलग दोस्त. आता तो इंग्लंडचा नागरिक आहे, पासष्टी ओलांडलेला, बायको गेलेली. झाशीत त्याचं कुणी उरलं नाही, म्हणून आला की माझ्याकडेच उतरतो. "शुभा, तेरे सिवा यहाँ मेरा कौन है," म्हणतो. मी चहा गाळत असते. गाळून त्याच्यापुढे ठेवते.

कुठून सुरुवात करू? दादापासून करते.

दादाला इंजिन ड्रायव्हर व्हायचं होतं. घरात बसून नुसत्या शिट्टीवरून कुठलं इंजिन आलं ते तो सांगायचा, आणि कधी चुकायचा नाही. आमची कॉलनी स्टेशनाबाहेरच्या आउटर सिग्नलला लागून होती. जवळच्या बबीना गावाहून येणारी गाडी घरांच्या मागूनच पुढे जायची, आणि स्टेशनवर उतरलं की तेवढंच अंतर उलटं चालत यावं लागायचं. म्हणून कॉलनीतली पोरं आउटरवर साखळी ओढायची. गाडी थांबली की उड्या मारून घरी! सगळेच करायचे. त्याला गुन्हा कोण म्हणणार?

त्या दिवशी आम्ही तिघं बबीन्याहून मावशीकडची पूजा आटपून येत होतो. होय, मीही होते त्या डब्यात — त्यावर मग येते. साखळी अरुणनं ओढली. त्याला संध्याकाळी सिनेमाला जायचं होतं, बस, एवढंच कारण. पण त्या दिवशी नेमके रेल्वे पोलीस शेजारच्या डब्यात होते. ते आले. "किसने खींची?"

अरुणनं दादाकडे बोट दाखवलं. "इसने।"

दोघांनाही धरून नेलं. दुसऱ्या दिवशी रेल्वे मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. बाबा गार्ड होते, नोकरीला जपून असायचे. दादाला म्हणाले, "हो म्हण आणि सुटून ये. जुर्माना भरतो मी." सगळे असंच करायचे — हो म्हणायचं, दंड भरायचा, जेवायच्या वेळेला घरी. दादा हो म्हणाला. अरुणला तर नुसता दम देऊन सोडून दिलं. घरी आल्यावर आईनं दोघांनाही वाढलं. एकाच पंगतीत! मला आजही ती भाताची मूद दिसते अरुणच्या ताटातली.

पुढच्या वर्षी दादा रेल्वेच्या परीक्षेत पास झाला. फॉर्ममध्ये एक रकाना होता — कभी गिरफ्तार हुए हैं? कभी सज़ा हुई है? दादानं लिहिलं, हाँ. खरं ते लिहिलं आणि त्याचं नाव कापलं गेलं. त्याच सुमारास अरुणनं पासपोर्टचा फॉर्म भरला. असाच रकाना. त्यानं लिहिलं, नहीं. आणि गेला इंग्लंडला.

दादा मऊरानीपूरला धान्याच्या आडतीवर पोती मोजायला लागला. मग प्यायला लागला. पन्नाशीही गाठली नाही त्यानं. शेवटी शेवटी गाडीची शिट्टी ऐकू आली की उठून खिडकी लावून घ्यायचा. अरुणनं तिकडून फुलांसाठी पैसे पाठवले होते. फुलांसाठी!

मला पुढे त्याच रेल्वे मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात कारकुनाची नोकरी लागली. दुसऱ्या वर्षी मी ती जुनी फाइल शोधून काढली आणि हुकमाची शिक्क्याची नक्कल घेतली. त्यात दोन नावं. दोघंही अटकेत — एकाला दंड, एकाची सुटका. घरी आणून कपाटात साड्यांखाली ठेवली. कशासाठी? तेव्हा काही ठरवलं नव्हतं, खरंच. जवळ असावी, इतकंच वाटलं. वर्षातून एकदा साड्यांना ऊन दाखवताना वाचायची आणि परत ठेवायची.

आता गेल्या वर्षाचं सांगते.

अरुणची एकुलती एक मुलगी मिनू, कॅनडात. नवऱ्यापासून वेगळी झालेली, एकटी. तिला कॅन्सर निघाला. ऑपरेशन ठरलं. अरुण तेव्हा इथेच होता, माझ्या जेवणाच्या टेबलावर मोबाइल घेऊन बसलेला. इंग्लंडच्या पासपोर्टवाल्यांना तिकडे व्हिसा लागत नाही, नुसती मोबाइलवर परवानगी काढायची, म्हणाला. भरता भरता थांबला. चष्मा कपाळावर चढवून मला विचारलं, "शुभा, हे विचारतात — कधी अटक झाली होती का? वो बबीना वाला भी गिनते हैं क्या?"

तोच रकाना. पंचेचाळीस वर्षांनी, माझ्या घरात, माझ्या टेबलावर.

खाली काय लिहिलंय ते त्यानंच वाचून दाखवलं होतं — हो असेल तर तपशील द्या. म्हणजे हो लिहिलं असतं, सुटकेचा कागद जोडला असता, तर थोडे दिवस गेले असते इतकंच. सबंध नोकरी कोर्टात काढलेली बाई मी. मला हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

मी म्हटलं, "छे, ते काय मोजायचं? जुर्माना तर दादाला झाला होता. तुझ्या नावावर काय आहे? नाही लिही."

त्यानं नाही लिहिलं. पाच मिनिटांत परवानगी आली. "बघ, किती सोपं," म्हणाला आणि दुसरी पोळी मागितली. मी वाढली, वर तूपही घातलं.

तो लंडनला परतला त्याच आठवड्यात मी नक्कलेची झेरॉक्स काढली, सोबत चार ओळी लिहिल्या — या माणसाला अटक झाली होती, त्यानं लपवलं आहे — आणि दिल्लीला कॅनडाच्या दूतावासाला रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली. सही केली नाही.

परवानगी रद्द झाली. चौकशी झाली. खोटी माहिती दिली म्हणून पाच वर्षं बंदी. अटकेसाठी नव्हे, बघा, खोट्यासाठी! फोनवर तो रडत होता, आणि मलाच समजावत होता — हल्ली सगळं कॉम्प्युटरला जोडलेलं असतं, त्यांना सगळं दिसतं. मी हो हो म्हणत होते. फोन ठेवला आणि पुरण शिजायला टाकलं. एकटीसाठी पुरणपोळ्या केल्या. दादाला फार आवडायच्या. इतकं चवीनं मी कितीतरी वर्षांत जेवले नव्हते.

इथवर ऐकून तुम्ही कदाचित म्हणाल, त्याला हेच हवं होतं. मीही तसंच म्हणत होते. पण मग मिनूचा फोन आला.

मिनू लहानपणी सुट्टीत यायची तेव्हा माझ्याजवळ झोपायची. मराठी मोडकं, पण माझ्याशी हट्टानं तेच बोलायची. आवाज इतका बारीक झाला होता की मी आधी ओळखलाच नाही. "आत्या, तुम्ही कोर्टात होत्या ना? पप्पांचा एक कागद पाहिजे. लिखा हो कि छोड़ दिया था. वकील म्हणतो, तो मिळाला तर आपण परत मागू शकतो. मिळेल का, आत्या?"

कपाट माझ्या पाठीशीच होतं. हात मागे केला असता तर लागलं असतं.

मी म्हटलं, "नाही गं बाळा. इतकं जुनं रेकॉर्ड नष्ट करून टाकतात."

"ओके, आत्या," ती म्हणाली. "आपण खूप ट्राय केलं." आपण, म्हणाली.

तिला जाऊन चार महिने झाले. अरुणनं तिला फोनच्या पडद्यावरच पाहिलं शेवटपर्यंत.

आणि परवा तो आला. वाळून गेलाय. पोह्यांची बशी पुढ्यात तशीच होती. मग म्हणाला, "शुभा, एक बात कहूँ? उस दिन डब्बे में तूने मेरा नाम नहीं लिया. तू पाहिलं होतंस, मला ठाऊक आहे. तू एक शब्द बोलली असतीस तर माझं सगळं आयुष्य वेगळं झालं असतं. मैं कभी भूला नहीं।"

आता सांगते डब्यातलं.

अरुणनं दादाकडे बोट दाखवलं तेव्हा दादानं माझ्याकडे पाहिलं. पोलिसानंही विचारलं मला, "बिटिया, तुमने देखा?" मी सतरा वर्षांची होते. साखळीकडे वर गेलेला अरुणचा हात मी पाहिला होता, कारण त्या दिवसांत मी त्याच्या हातांशिवाय दुसरीकडे बघतच नसे. मी म्हटलं, "नहीं." दादा मग पोलिसाच्या मागून डब्यातून उतरला. त्यालाही माझ्या मनातलं कळलं असणार. पुढे कधी त्यानं विषय काढला नाही, एकदाही नाही. आणि अरुणनं इंग्लंडहून दोनच वर्षांत लग्नाचे फोटो पाठवले.

तर मी सूड कशाचा घेतला? दादाचा? फोटोंचा? मी ठरवायचं सोडून दिलं आहे. अरुणवरचा राग अजून गेलेला नाही, हेही सांगते. परवा त्याच्या तोंडून ते ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मी फक्त बशी उचलली आणि पोहे गार झाले म्हणून गरम करून आणले.

नक्कल अजून साड्यांखालीच आहे. त्यात दादाचं नाव वर आहे, अरुणचं खाली. माझं कुठेच नाही.