पडदेबाईंचा गंज

आमच्या गल्लीत सायकली चोरीला जायला लागल्या तेव्हा पहिली माझी गेली, मग मास्तरांची आणि मग पडदेबाईंची. माझी नवीकोरी होती, मास्तरांची गिअरची होती. पडदेबाईंची सायकल मात्र कुणी घरपोच फुकट दिली असती तरी मी घेतली नसती. पण बाईंना दुःखापेक्षा अभिमानच जास्त. "चोर जाणकार होता," त्या बेकरीत भेटेल त्याला सांगायच्या. "तुमच्या सायकली काय, कुणीही उचलेल. माझी उचलायला पारखी नजर लागते."

बाई माझ्या डोक्यावर राहतात, म्हणजे वरच्या मजल्यावर. आयुष्यभर त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. राजवाडा, जंगल, तुरुंग, गरिबाची खोली, जे म्हणाल ते. आता नाटकवाले मागे मोठा स्क्रीन लावतात आणि जंगल बटण दाबलं की येतं. त्यामुळे बाईंचे डबे आणि ब्रश पलंगाखाली गेले आणि बाई सायकलवर बसून गावभर हिंडायला लागल्या. मी कवळ्या बनवतो. खोटं खऱ्यासारखं दिसायला हवं हा माझाही धंदा, तेव्हा बाईंचं कौतुक मी जपूनच करतो. पण त्यांच्या घरात भिंतीवर एक खिडकी रंगवलेली आहे. ती उघडायला मी दोनदा गेलोय, हे कबूल करतो.

सायकल गेली तेव्हा बाई घरी नव्हत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेल्या होत्या, शहराच्या दुसऱ्या टोकाला. बरेच दिवस राहून परत आल्या तर जाताना कोपऱ्यावरच्या नाटकगृहाच्या भिंतीशी लावलेली सायकल गायब. लेकीला आयतंच निमित्त मिळालं. तिला आई कायमची घरी यायला हवी होती. खोली तयार होती, पडदे लावून झाले होते, तेही दुकानातले, फुलाफुलांचे.

"आई, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, गुडघे कुरकुरतात, आता सायकलही नाही. आणखी कशाची वाट बघतेयस?"

"दुसरी घेते."

"आणि ती गेली की?"

"ती गेली तर सायकल सोडली, ही गल्ली सोडली, तुझ्याकडे येते. बॅग तूच भर. झालं समाधान?"

हे सगळं माझ्यासमोर झालं, त्यामुळे लेकीने मला साक्षीदार करून टाकलं. जाता जाता तिचं लक्ष आईच्या कमरेच्या जुडग्याकडे गेलं. त्यात गेलेल्या सायकलची किल्ली तशीच होती.

"सायकल गेली, किल्ली कशाला बाळगतेस?"

"असू दे. ओझं होत नाही."

बाईंनी एक जुनी पण चांगली चकचकीत सायकल घेतली आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. जरा कुठे खुट्ट झालं की वरून पावलं वाजायची. लेकीवर त्यांचा जीव होता, पण लेकीच्या घरी त्यांना नुसतं बसवून ठेवतात हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "चमचासुद्धा हातातून काढून घेते रे. प्रेमाने घेते, म्हणून ओरडताही येत नाही." तेव्हा सायकल टिकणं म्हणजे बाई गल्लीत टिकणं, असा सरळ हिशेब होता. मलाही ती टिकायला हवी होती. वरची खोली भाड्याने गेली तर कोण ढोलकीवाला येऊन बसेल, याचा काही नेम नाही.

बेकरीत सायकलवाल्यांची सभा भरली. तोवर मास्तरांनीही नवी सायकल घेतली होती. मास्तर गणित शिकवतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं मोडायला सगळे कचरतात. त्यांनी फळ्यावर आकृती काढावी तशी बेकरीच्या काउंटरवर पिठात आकृती काढली. सगळ्या सायकली एका ओळीत, सगळ्यांतून एकच लांब साखळी, प्रत्येकाचं कुलूप शेजाऱ्याच्या कुलपात अडकवलेलं. सकाळी जो आधी निघतो त्याची सायकल कडेला. चोराला न्यायची तर अख्खी गल्ली न्यावी लागेल. योजना उत्तम होती. फक्त एका सकाळी बेकरीवाल्याला लवकर जायचं होतं आणि सगळ्यात कडेची सायकल मास्तरांची होती आणि मास्तर आदल्या संध्याकाळी किल्लीसकट सासुरवाडीला गेले होते. त्या दिवशी गल्ली पायी कामावर गेली. संध्याकाळी मास्तर परत आले तेव्हा त्यांच्याशी गणितावर बोलायला कुणी तयार नव्हतं.

तेव्हा बाई पुढे झाल्या. "चोराला कुलूप कळत नाही. चोराला माल कळतो. मालच नासका दिसला तर तो हात लावेल का? द्या तुमच्या सायकली माझ्याकडे."

पलंगाखालचे डबे बाहेर आले. गेरू, काळा रंग, सरस, चाळून घेतलेली माती आणि वाळवलेली चहापत्ती. अंगणात वर्तमानपत्रं पसरून बाई मांडी ठोकून बसल्या. पण हे काम नुसतं फासण्याचं नव्हतं. डाग कुठून आला हे ठरल्याशिवाय त्या ब्रश उचलायच्या नाहीत. नाटकातही त्यांचं तसंच होतं म्हणे. तुरुंगाची भिंत ओली दाखवायची तर पाणी वरून गळतंय की खालून चढतंय, हे आधी दिग्दर्शकाने सांगायचं.

"मास्तर, तुमची सायकल तळघरात होती. पाणी शिरलं, अर्धी बुडाली. म्हणून गंज खालून वर."

"बरं," मास्तर म्हणाले. साखळीनंतर ते फार नरम आले होते.

"बेकरीवाले, तुमची गच्चीत पडून आहे. वरून कबुतरं."

बेकरीवाल्याने तोंड वाकडं केलं. माझी सायकल म्हणजे मेहुण्याकडून मागून आणलेली. तिच्याकडे बाई बराच वेळ बघत राहिल्या. "हिचा मालक वारलाय," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि वारसांचं भांडण मिटलेलं नाही. कुणी हातही लावत नाही आणि टाकूनही देत नाही." आणि खरं सांगतो, काम झाल्यावर त्या सायकलकडे बघून मला त्या न मेलेल्या माणसाबद्दल वाईट वाटलं. मेहुण्याला मी हे सांगितलं नाही. सरसात कापूस ओढून बाईंनी चाकांत कोळ्याची जाळीसुद्धा केली होती.

"हे निघतं ना?" मी विचारलं.

"कोमट पाणी आणि फडकं. पण खरखरीत हात लावू नका, काम खराब होतं."

चोऱ्या थांबल्या. बाई तरतरीत झाल्या. आम्ही भंगारावर बसून दिमाखात हिंडायला लागलो. शेजारच्या गल्लीतले लोक दयेने बघायचे, एकाने तर बेकरीवाल्याला धंदा बरा चालत नाही का म्हणून विचारलं.

मग एका दुपारी नगरपालिकेची माणसं आली आणि ओळीने सगळ्या सायकलींवर पिवळे कागद चिकटवून गेली. बेवारस वाहन, मुदतीत हलवा, नाहीतर जप्त करू. मी कागद खरवडायला बसलो तर वरून बाई ओरडल्या, "खबरदार, तो काढायचा नाही."

धापा टाकत त्या खाली आल्या. प्रत्येक कागद निरखून बघितला. त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मोठ्या बक्षिसानेही तेवढा फुलला नसता. "सरकारला खरं वाटलं," त्या म्हणाल्या. "आणि हा पिवळा रंग कसा बसलाय बघा. मी स्वतः लावला असता तर इतका नेमका बसला नसता. राहू दे. चोराची शंका कायमची मिटली."

यावर आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. गणिताचे मास्तर, बेकरीचा मालक आणि मी, तीन कर्ते पुरुष. जप्त करू या शब्दांचा अर्थ जप्त करतील असा होतो, हे एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही.

मुदत संपली, ट्रक आला आणि ओळच्या ओळ उचलून नेली.

नेमका तो रविवार होता आणि लेक यायची होती. ती आली तेव्हा बाई रिकाम्या भिंतीशी पायरीवर बसल्या होत्या. मी कधीच न पाहिलेल्या बाई. कमरेचं जुडगं नुसतंच चाळवत होत्या. लेकीने भिंतीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"गेली?"

"गेली."

"मग ठरलं होतं तसं?"

"ठरलं होतं तसं. बॅग वर आहे, कपाटावर." मग त्या आमच्याकडे बघून म्हणाल्या, "पण आधी यांच्या सायकली सोडवून देते. माझ्यामुळे गेल्या."

लेकीने कपाळाला हात लावला, पण तयार झाली. गुंता सुटेपर्यंत आई हलणार नाही, हे तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही सगळे बसने जप्तीच्या आवारात गेलो.

आवार म्हणजे पत्र्याच्या कुंपणाआड सायकलींचा ढीग. तिथल्या साहेबांनी आमचं ऐकून घेतलं आणि चष्मा वर केला. "चालती सायकल असेल तर ओळख पटवून परत मिळेल. भंगाराचा लिलाव होतो. तुमचं हे सगळं भंगार आहे."

"रंग आहे तो," मास्तर म्हणाले.

"रंग? गंज काय मी आज पहिल्यांदा बघतोय? बावीस वर्षं इथे आहे."

बाईंनी पहारेकऱ्याच्या किटलीतलं कोमट पाणी मागून घेतलं, पदर खोचला आणि मास्तरांची सायकल पुसायला घेतली. एक हात फिरला आणि तळघरातलं पाणी ओसरलं. खाली लखलखीत निळा रंग. साहेब खुर्चीतून उठले. बेकरीवाल्याची कबुतरं गेली. बाईंची स्वतःची चकचकीत सायकल निघाली. माझ्या सायकलीपाशी मात्र बाईंचा हात थांबला. एवढं सुंदर काम पुसायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. माझ्याही आलं होतं. मग त्यांनी डोळे मिटून फडकं फिरवलं आणि वारसांचं भांडण मिटलं.

साहेबांना आता चेव आला. गंज पुसला जातो हे कळल्यावर त्यांना सगळ्या ढिगाचाच संशय यायला लागला. "आजी, ही बघा. आणि ती कोपऱ्यातली."

बाईंनी कोपऱ्यातली पुसायला घेतली. घासलं, जोरात घासलं. गंज जाईना. घासता घासता फडकं सीटवर गेलं आणि त्या थबकल्या. सीटला जुन्या पडद्याचं कापड शिवलेलं होतं, निळं आभाळ आणि त्यात अर्धा चंद्र. असला चंद्र शहरात दुसऱ्या कुणाच्या बुडाखाली नव्हता.

"ही इथे कधी आली?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी आठवलं. "नाटकगृहाजवळची. बरेच महिने झाले. कुणी फिरकलं नाही म्हणून उचलली."

बाई खाली बसल्या. "म्हणजे चोराने नेली नाही?"

"ही? ही कोण नेणार?"

मला हसू यायला हवं होतं. जाणकार चोराच्या गोष्टी मी इतक्यांदा ऐकल्या होत्या की हसायचा मला हक्कच होता. पण बाई फडकं घेऊन पुन्हा तो गंज घासायला लागल्या, तिथेच, एकाच जागी, आणि माझं हसू राहून गेलं. खोटा गंज त्यांनी हवा तसा चढवला होता, हवा तसा उतरवला होता. हा खरा होता आणि त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती.

"राहू दे, आजी," साहेब समजुतीने म्हणाले. "हे भंगारच आहे. लिलावात जाईल."

"आई, किल्ली दे," लेक म्हणाली.

बाईंनी मान वर केली. लेकीने आईच्या कमरेचं जुडगं स्वतःच सोडवलं, नेमकी किल्ली काढली आणि मागच्या चाकाच्या कुलपात घातली. किल्ली फिरेना. तिने खाली वाकून कुलपात फुंकर मारली, पुन्हा फिरवली आणि कुलूप खट्कन उघडलं. मग तिने सायकल मागून उचलून पायडल मारलं. चाक करकरलं, पण फिरलं.

"साहेब, ओळख पटली आणि सायकल चालते. आणखी काय लागतं?"

"अहो, पण हिची अवस्था—"

"हिच्या कॅरिअरवर बसून मी शाळेत गेलेय. नाक त्या चंद्राला लागायचं माझं. लिलावात कशी जाते बघतेच मी."

साहेबांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे पाहिलं आणि हात टेकले. "न्या," ते म्हणाले.

फाटकाबाहेर आम्ही आपापल्या सायकली घेऊन उभे राहिलो. बाईंनी डोळे पुसले, नाक ओढलं, आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "म्हणजे बघ, ती चोरीला गेली नव्हती. हीपण चोरीला गेली नाही. आपलं ठरलं होतं ते—"

"ते घरी बोलू," लेक म्हणाली. "आधी सांग, सायकली दोन आणि तू एकटी. दुसरी कोण नेणार?"

 मास्तरांनी लगेच स्वतःच्या टायरची हवा तपासायला घेतली.

शेवटी लेकीने ओढणी कमरेला बांधली आणि चंद्रावर बसली. शाळा संपल्यापासून तिने सायकल चालवली नव्हती. पहिल्या वळणापर्यंत ती बेकरीवाल्याच्या अंगावर दोनदा आली, करकर आवाजाने कुत्री मागे लागली, आणि पुढे आई ओरडत होती, "समोर बघ, चाकाकडे नको, समोर." तेवढ्यात उतार लागला. लेकीने पाय सोडले आणि आईला मागे टाकून पुढे गेली. बाई म्हणाल्या, "बघितलंत?" पण कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

गल्लीत पोचल्यावर आम्ही सायकली भिंतीशी लावल्या. बॅगेचं नाव कुणी काढलं नाही. लेकीने घाम पुसला, चंद्राच्या सायकलीला कुलूप घातलं आणि बाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला.

लेकीने किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली. "पुढच्या रविवारी तेल घेऊन येते," ती म्हणाली. "तोपर्यंत हिला कुणी हात लावू नका."