दसऱ्याचं लिंबू

विष्णुपुरीच्या धरणाजवळच्या उतारावरून आमच्या कॉलेजातले पन्नाशीचे एक क्लार्क रोज सकाळी स्केटबोर्डवर येतात. सरळ कधीच नाही. डावीकडे झुकत, उजवीकडे झुकत, रस्ताभर वळणं घेत. मला तो पोरखेळ वाटायचा.

"सरळ आलं की उतार लवकर संपतो, सर," ते म्हणायचे.

दसऱ्याला सगळ्यांनी गाड्या पुजल्या. त्यांनी स्केटबोर्डला हळदकुंकू वाहिलं, रिवाजाप्रमाणे वाटेत लिंबू ठेवलं आणि वरून आले. एवढ्याशा चाकानं लिंबू कुठलं चिरडतंय! चाक अडलं, ते रस्त्यावर आपटले.

मी धावलो. "लागलं का हो?"

कोपरातून रक्त ठिबकत होतं. त्यांनी स्केटबोर्ड उलटा केला, चारी चाकं बोटानं फिरवून कान लावला आणि हसले.

"न्हाई सर. कायबी लागलं न्हाई."