बंद गाडीतला हीटर

ती सकाळ अजून माझ्या मनातून गेलेली नाही. जानेवारीचं धुकं इतकं दाट होतं की पोलीस ठाण्याच्या फाटकातून समोरची चहाची टपरी दिसत नव्हती. हजेरी चालू असताना एका दूधवाल्याचा फोन आला. बिर्लानगरला, जुन्या मिलजवळच्या मोकळ्या जागेत एक गाडी उभी होती. दार उघडं होतं आणि एक बाई अर्धी बाहेर पडलेली होती.

मी तेव्हा त्या ठाण्याचा प्रभारी होतो. आम्ही पोचलो तेव्हा बाईंचा श्वास चालू होता. त्यांना लगेच इस्पितळात पाठवलं. आत गादीवर त्यांचे यजमान होते, रजई गळ्यापर्यंत ओढलेली, चेहरा शांत. ते गेलेले होते.

माधवगंज मोहल्ल्यातले हे मराठी मास्तर नुकतेच निवृत्त झाले होते. जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन त्यांनी स्वतःच्या हातांनी तिच्यात पलंग, ओटा, कपाटं बसवली होती. बायकोला घेऊन नर्मदेच्या काठाकाठाने फिरायचा बेत होता. निघण्याआधी एक रात्र गाडीत झोपून पाहावं, म्हणून दोघं तिथे आले होते.

उघड्या दारामुळे कोणीतरी आत शिरून पळालं असावं, असा संशय आला. पंचनामा चालू असतानाच पलीकडच्या घरातले एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहब, कल शाम बाप-बेटे में बहुत कहासुनी हुई. लड़का गुस्से में निकला था."

मुलाचं दाना ओली नावाच्या गल्लीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला ठाण्यात आणलं. वय तिशीचं, डोळे रडून सुजलेले. मी विचारलं तर म्हणाला, "मी काल तिकडे गेलोच नव्हतो."

तो खोटं बोलत होता, हे उघड होतं. आमचे हवालदार पुढे झुकून म्हणाले, "थोडी सख्ती करें, सर?" मी नको म्हटलं. खोटं बोलणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. पुष्कळदा त्याला कशाची तरी लाज वाटत असते. मी त्याच्यासाठी चहा मागवला. त्याने कपाला हातही लावला नाही.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. अंगावर एकही जखम नाही, पण रक्ताचा रंग नेहमीपेक्षा लालभडक. "बंद जागेत काही जळत होतं का, ते बघा," ते म्हणाले. मी पुन्हा गाडीत गेलो. पायाशी छोट्या सिलिंडरवर चालणारा गॅसचा हीटर होता. बटण चालूच होतं, सिलिंडर रिकामा झाला होता. मग मी खिडक्या पाहिल्या. प्रत्येक फटीवर, छतावरच्या झरोक्यावरसुद्धा, नवी काळी फोमची पट्टी चिकटवलेली होती. काम अगदी नेटकं होतं.

त्या पट्टीचा तुकडा मी मुलासमोर टेबलावर ठेवला. त्याने तो उचलला.

"ही मीच लावली, सर. आईला दमा आहे. सर्दी लगते ही उसकी साँस फूलती है. बाबा म्हणत होते, हीटर आहे, एक फट राहू दे. मी म्हटलं, तुम्हाला आईची पर्वाच नाही. खूप बोललो मी. मग ते म्हणाले, लाव बाबा."

बापाशी शेवटचं बोलणं असं झालं, हे त्याला कुणाला सांगायचं नव्हतं. म्हणून तो खोटं बोलला होता.

मग त्याने विचारलं, "पण सर, पट्टीचा याच्याशी काय संबंध?"

मला सांगावं लागलं. बंद जागेत ज्योतीला हवा पुरेनाशी होते आणि ती विषारी वायू सोडू लागते. त्याला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. मी बोलत होतो आणि त्याच्या चेहऱ्यावर ते उमटत जाताना मला दिसत होतं. तो रडला नाही. टेबलाची कड घट्ट धरून बसून राहिला.

बाई शुद्धीवर आल्यावर मी जबाब घ्यायला गेलो. मुलगा दाराशी उभा होता, आत यायला धजत नव्हता. त्या थांबत थांबत बोलल्या. मुलगा गेल्यावर मास्तरांनी एका खिडकीची पट्टी सोलून ती थोडी उघडली होती. "मला थंडी वाजली. म्हटलं, लावा हो ती. त्यांनी लावली." पुढे डोकं ठणकून त्यांना जाग आली होती. यजमानांना हलवलं, ते उठले नाहीत. त्या दारापर्यंत सरपटत गेल्या, दार ढकललं, तेवढंच त्यांना आठवत होतं. पळून गेलेलं कुणी नव्हतंच.

मग त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि मोठ्याने मला विचारलं, "साहेब, पोराने पट्टी लावली नसती तरी खिडकी मी बंद करायला सांगितलीच असती. खरं ना?"

"खरं आहे, ताई," मी म्हणालो.

मर्गचा, म्हणजे अकस्मात मृत्यूचा, तपास मी अपघात म्हणून बंद केला. तेव्हापासून गाडीत, तंबूत, खोलीत हीटर लावणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो: खिडकी उघडी ठेवा, झोपण्याआधी हीटर बंद करा, आणि जास्तीची रजई घ्या. नोकरीत मी गुन्हेगार शोधायला शिकलो होतो. त्या दिवशी गुन्हेगार कुणीच नव्हता, तरी इस्पितळाच्या त्या खोलीत दोन माणसं आपापल्या अंगावर गुन्हा घेत होती. अखेर मुलगा आत आला आणि आईच्या पायांवरचं पांघरूण सारखं करू लागला. मी जबाबावर बाईंची सही न घेताच बाहेर येऊन उभा राहिलो.